बाटलीचं पहिलं तापवणं

मंडळी, एक प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी केलेला असणार. घरी कुणाला तरी सर्दी झालेली असते, प्रवासात गरम पाणी न्यायचं असतं आणि हाताशी पाण्याची रिकामी बाटली असते. एक लिटरची, पातळ, दुकानात मिळते तीच. त्यात उकळलेलं पाणी ओतलं की बाटली आकसते, वाकडी होते, बुटकी होते. आई ओरडते. बाटली जाते कचऱ्यात.

ती कचऱ्यात टाकण्याआधी नीट बघितली आहे का कधी? दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे बाटली वितळलेली नसते. हे प्लास्टिक वितळतं साधारण २५० अंश सेल्सिअसला आणि उकळतं पाणी असतं १०० अंशांना. दुसरी म्हणजे पोट आकसतं, पण आटे असलेला गळा बऱ्यापैकी जसाच्या तसा राहतो. एकच बाटली, एकच प्लास्टिक, मग गळ्याचा न्याय वेगळा आणि पोटाचा वेगळा, असं का?

माझी पीएचडी थोडीफार याच प्रश्नाभोवती फिरते. मी लातूरची, संशोधन करते नांदेडला. "तू नक्की काय करतेस?" या प्रश्नाला मी आजवर दहा वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. खरं उत्तर एवढंच, की मी प्लास्टिकचे तुकडे हळूहळू तापवते आणि ते किती उष्णता पितात ते मोजते. हे मोजणं आलं कुठून, हे प्लास्टिक आपल्यापर्यंत आलं कसं आणि या दोन्हींचा लातूरच्या एका दिवाणाखालच्या बाटल्यांशी काय संबंध, ते आज सांगायचं आहे.

आधी गुळाच्या बाजारात जाऊन येऊ

लातूरकरांना गूळ मार्केट सांगायला नको. गोडाच्या दुकानातल्या दोन वस्तू डोळ्यांसमोर आणा. एक खडीसाखर, दुसरी लिंबाची गोळी. दोन्ही मूळच्या साखरेच्याच, दोन्ही कडक. पण खडीसाखरेत साखरेचे कण शाळेच्या प्रार्थनेला उभ्या मुलांसारखे रांगेत असतात. त्याला आपण स्फटिक म्हणतो. गोळीत मात्र पाक इतका भरभर थंड केलेला असतो, की कणांना रांग लावायला वेळच मिळत नाही. जत्रेच्या गर्दीत "जागेवर थांबा" म्हटल्यावर जो तो जिथे आहे तिथेच थिजावा, तशी ती अवस्था. दिसायला घन, आतून मात्र पसारा. या अवस्थेला शास्त्रात काच म्हणतात. खिडकीची काच हा तिचा एक प्रकार झाला.

स्फटिक तापवला की एका ठरावीक टप्प्यावर रांग मोडते. ते वितळणं. काच तापवली की असा एकदम बदल होत नाही. एका टप्प्यानंतर आतले कण हलू लागतात आणि वस्तू मऊ, चिवट होते. त्या टप्प्याला काचसंक्रमण म्हणतात. पावसाळ्यात गोळ्या कागदाला चिकटतात ना? हवेतला ओलावा आत शिरून गोळीचं काचसंक्रमण खाली आणतो, म्हणून नेहमीच्या तापमानालाच ती मऊ पडते.

आता बाटली. बाटलीच्या प्लास्टिकचं नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, लाडाचं नाव पेट. त्यात काही भाग खडीसाखरेसारखा असतो, काही गोळीसारखा. गोळीसारखा भाग साधारण ७० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ होतो, खडीसाखरेसारखा भाग २५० च्या आसपास वितळतो. मे महिन्यात नांदेडचा पारा ४३-४४ ला गेला तरी बाटली उभी राहते आणि उकळत्या पाण्याने मात्र मान टाकते, याचं कारण इथे आहे. आपला उन्हाळा काचसंक्रमणाच्या खाली आहे, चहाचं आधण त्याच्या वर.

तापवून बघण्याचा इतिहास

वस्तू तापवून तिची परीक्षा घेणं सोनार आणि कुंभार पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. त्याचं शास्त्र व्हायला मात्र एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. १८८७ मध्ये फ्रान्समध्ये आंरी ल शातलिए या रसायनशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या मातीचे नमुने एका वेगाने तापवत नेले आणि त्यांचं तापमान कुठे रेंगाळतं, कुठे पळतं, याची नोंद ठेवली. प्रत्येक मातीची चाल वेगळी निघाली. पुढे १८९९ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी एक साधी पण फार उपयोगी युक्ती केली. नमुन्याच्या शेजारी असा दुसरा पदार्थ ठेवला, ज्यात तापवताना काहीच घडत नाही. मग दोघांच्या तापमानातला फरक तेवढा मोजला. शेजारी शांत माणूस बसवला की अस्वस्थ माणूस लगेच ओळखू येतो, तसं.

पण फरक कळला तरी उष्णता नेमकी किती, हे त्यातून नीट मिळत नव्हतं. ते काम १९६० च्या दशकात झालं. अमेरिकेतल्या पर्किन-एल्मर कंपनीत वॉटसन आणि ओ'नील यांनी १९६२ मध्ये एक यंत्र तयार केलं आणि १९६४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध छापून आला. यंत्राचं नाव डिफरन्शिअल स्कॅनिंग कॅलरीमीटर, आम्ही सगळे डीएससी म्हणतो. यात दोन चिमुकल्या भट्ट्या असतात. एकीत नमुना ठेवलेली ॲल्युमिनियमची वाटी, दुसरीत रिकामी वाटी. दोन्ही सारख्याच वेगाने तापवायच्या. नमुन्यात काही घडलं, समजा तो वितळायला लागला, तर त्याला जास्त उष्णता लागते. दोन्ही भट्ट्या एकाच तापमानाला ठेवण्यासाठी यंत्राला किती जादा वीज द्यावी लागली, ते कागदावर उमटतं.

नमुना किती लागतो? पाच ते दहा मिलिग्रॅम. नखाच्या कोपऱ्याएवढा तुकडा. तापवण्याचा नेहमीचा वेग मिनिटाला १० अंश. कामाला लागण्याआधी यंत्र खरं बोलतंय ना, हे इंडियम धातू वितळवून तपासायचं. इंडियम १५६.६ अंशांना वितळतो, त्यात घासाघीस चालत नाही. यंत्राने १५८ सांगितलं तर चूक यंत्राची.

टेरिकॉटच्या पँटपासून बाटलीपर्यंत

पेटचा जन्मच मुळी वितळण्याच्या भानगडीतून झाला आहे. १९३० च्या सुमाराला ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स आणि त्यांचे सहकारी पॉलिस्टरचे धागे ओढत होते. धागे निघाले, पण ते १०० अंशांच्या आतच वितळायचे. असं कापड धुवायचं कसं आणि इस्त्री कशी करायची? शेवटी पॉलिस्टर बाजूला ठेवून ते नायलॉनकडे वळले.

इंग्लंडमध्ये कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन ही कापडछपाईवाल्यांची संस्था होती. तिथे जॉन व्हिनफील्ड आणि जेम्स डिक्सन यांनी तोच सोडून दिलेला धागा पुन्हा हातात घेतला. पॉलिस्टरच्या लांब साखळीत त्यांनी बेंझीनचं ताठ, सरळ कडं बसवलं. साखळी ताठ झाली आणि वितळण्याचं तापमान चढून थेट अडीचशेच्या आसपास गेलं. हे १९४१ चं. महायुद्ध चालू होतं, त्यामुळे बाहेर वाच्यता झाली नाही. युद्धानंतर तो धागा इंग्लंडमध्ये टेरिलीन या नावाने आणि अमेरिकेत डेक्रॉन या नावाने बाजारात आला.

टेरिलीन म्हटल्यावर घरातल्या जुन्या मंडळींचे डोळे चमकतील! आपल्याकडे साठच्या दशकात ठाण्यात केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीने 'टेरीन' नावाने हा धागा काढला. त्यात सूत मिसळलं की टेरिकॉट. नांदेड हे तसं कापसाचं गाव. उस्मानशाही मिल इथली, एनएचएच-४४ हे कपाशीचं गाजलेलं वाणही इथलंच. त्या मुलखातसुद्धा लग्नाचा आहेर म्हणून टेरिकॉटचा पीस मिरवू लागला. माझ्या आजोबांच्या टेरिकॉटच्या पँटची क्रीज धुतल्यावरही मोडायची नाही, हे आजी अजून कौतुकाने सांगते. त्या क्रीजमागे आपलं काचसंक्रमणच आहे. कारखान्यात कापडाला त्या टप्प्याच्या बरंच वर तापवून घडी बसवलेली असते. घरी धुताना पाणी त्याच्या खाली असतं. आत कण हलतच नाहीत, तर घडी मोडणार कशी?

म्हणजे आजोबांची पँट आणि पाण्याची बाटली यांचं प्लास्टिक एकच. धाग्याची बाटली व्हायला मात्र तीस वर्षं गेली. ड्युपाँमधले अभियंते नॅथॅनियल वायथ यांनी साबणाच्या प्लास्टिक बाटलीत सोड्याचं पेय भरून ती फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी बाटली फुगलेली दिसली, असं ते सांगत. आतल्या वायूचा जोर सहन करणारी बाटली हवी होती. धागा ओढला की बळकट होतो, हे त्यांना माहीत होतं. मग प्लास्टिक एकाऐवजी दोन दिशांना ओढलं तर? उभं आणि आडवं. १९७३ मध्ये पेटच्या अशा बाटलीचं पेटंट त्यांना मिळालं.

आपल्याकडे बिस्लेरीचं पाणी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये १९६५ मध्ये सुरू झालं, ते काचेच्या बाटलीत. १९६९ मध्ये ते पार्लेने घेतलं. नंतर बाटली पीव्हीसीची झाली आणि मग पेटची. तिकडे रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. पुढे पॉलिस्टर इतकं स्वस्त झालं, की आहेरात मिरवणारी वस्तू एसटी स्टँडच्या कट्ट्यावर टाकून द्यायची वस्तू झाली.

गळा आणि पोट

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बाटली तयार कशी होते? आधी जाड काचनळीसारखा एक तुकडा साच्यात ओततात. त्याला प्रीफॉर्म म्हणतात. त्याला गळा आणि आटे तयारच असतात. हा तुकडा झपकन थंड केलेला असतो, म्हणजे लिंबाच्या गोळीसारखा, आतून पसारा. मग गळा सोडून बाकीचा भाग साधारण १०० अंशांना तापवतात, म्हणजे काचसंक्रमणाच्या वर आणि वितळण्याच्या बराच खाली. आत सळई घालून तो उभा ओढतात आणि हवा भरून आडवा फुगवतात. ओढताना साखळ्या सरळ होतात आणि बऱ्याच जणी रांगेत बसतात. पोट पातळ होऊनही बळकट होतं ते यामुळे. गळ्याला कुणी ओढतच नाही.

गरम पाणी ओतलं की पोटातल्या ज्या साखळ्या ताणलेल्या अवस्थेत थिजल्या होत्या, पण रांगेत पक्क्या बसल्या नव्हत्या, त्या सुटतात आणि मागे सरकतात. बाटली आकसते. गळ्यात ताणच नव्हता, त्यामुळे तो थोडा मऊ पडला तरी आकसत नाही.

डीएससीमध्ये हे सगळं लख्ख दिसतं. गळ्याचा तुकडा तापवला की ७५ अंशांच्या आसपास एक पायरी येते, ते काचसंक्रमण. मग १३० च्या आसपास उलट्या दिशेचा डोंगर. आतला पसारा हलायला मोकळा झाला, की साखळ्या रांगेत बसतात आणि बसताना उष्णता बाहेर टाकतात. शेवटी २५० च्या आसपास वितळण्याचा डोंगर. पोटाच्या तुकड्यात पायरी पुसट आणि मधला उलटा डोंगर जवळजवळ नाही, कारण रांगा आधीच लागलेल्या आहेत.

यातून हिशेबही निघतो. शंभर टक्के स्फटिक असलेलं पेट वितळवायला ग्रॅमला १४० ज्यूल लागतात असं धरतात. समजा पोटाच्या तुकड्याला ४० ज्यूल लागले आणि मधला डोंगर नव्हता, तर स्फटिक भाग साधारण २८ ते २९ टक्के. गळ्यात मधला डोंगर वजा करावा लागतो आणि उरतं ते फारच थोडं.

आता खरी गंमत. दोन्ही तुकडे वितळवून सावकाश थंड करा आणि पुन्हा तापवा. दोन्हींच्या रेषा जवळपास सारख्या येतात. गळा कोण आणि पोट कोण, ओळखता येत नाही. ताणलेलं, घाईने थंड केलेलं, साठवलेलं, सगळं वितळण्यात पुसलं जातं. म्हणून आमच्या पुस्तकांत एक पाठ ठरलेला असतो: पदार्थाचा स्वभाव बघायचा असेल तर दुसऱ्यांदा तापवल्यावरची रेषा घ्या, पहिलीत पदार्थाच्या आजवरच्या वाटचालीची भेसळ असते. इंग्रजीत त्या वाटचालीला सरळ 'थर्मल हिस्टरी' म्हणतात. उष्णतेचा इतिहास.

माझी चूक

हा पाठ मी नको तितका पाठ केला होता. पहिल्या वर्षी नांदेडच्या एका भंगारवाल्या काकांकडून सहा बाटल्या आणल्या. कुठल्या नवीन, कुठल्या उन्हात पडून पडून दूध पडल्यासारख्या झालेल्या. तुकडे कापले, उरलेल्या बाटल्या परत करून टाकल्या. डीएससी दुसऱ्या गावातल्या एका प्रयोगशाळेत होतं, वेळ ठरवून जायचं, तासावर पैसे भरायचे. वेळ वाचावा म्हणून मी प्रोग्रॅम असा लावला, की पहिलं तापवणं भरभर, नोंद न ठेवता, फक्त इतिहास पुसायला. नोंद दुसऱ्याची. सहाच्या सहा रेषा एकमेकींवर बसल्या. मी खूश. किती छान जुळतंय!

सरांनी रेषा पाहिल्या आणि विचारलं, "यातली उन्हातली बाटली कोणती?" मला सांगता येईना. कुणालाच सांगता आलं नसतं. मला शोधायचा होता तोच फरक मी आधी वितळवून टाकला होता. बाटल्या तर केव्हाच भंगारात गेल्या होत्या.

एका तुकड्याला पहिलं तापवणं एकदाच मिळतं. दुसरं, तिसरं हवं तितक्या वेळा करा.

आजीच्या दिवाणाखाली

लातूरकरांना २०१६ विसरता येत नाही. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. त्या दिवसांत घरात पाणी साठेल अशी एकही वस्तू रिकामी नव्हती. घागरी, ड्रम, कुकर आणि बाटल्या. आजी प्रत्येक बाटली धुऊन, भरून भिंतीशी ओळीने लावायची. पाऊस आल्यावर तिने त्या टाकल्या नाहीत. रिकाम्या करून दिवाणाखाली ठेवल्या. "पुन्हा लागल्या तर?"

मी एक मागितली. का ते सांगितलं.

"बाटली जाळायला शिकायलीस का गं माय तिकडं?"

"जाळत नाही आजी, तापवते."

"एकच घे."

बाटलीच्या गळ्यापाशी छापलेलं होतं: मार्च २०१६. या वेळी पहिलं तापवणं मी हळू केलं, मिनिटाला १० अंशांनी, पूर्ण नोंद ठेवून. सोबत त्याच आकाराच्या नव्या बाटलीचा गळा. नव्या गळ्यात काचसंक्रमणाची पायरी नेहमीसारखी. आजीच्या बाटलीत पायरीच्या टोकाला एक टोकदार उंचवटा.

हा उंचवटा नवा शोध नाही, पुस्तकांत आहे. थिजलेला पसारा पूर्ण थिजलेला नसतो. काचसंक्रमणाच्या खालीसुद्धा साखळ्या वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलांनी बसत्या होत असतात आणि जितकं तापमान वर, तितकं हे लवकर होतं. दिवाणाखालचे एवढे उन्हाळे त्यात जमा झालेले होते. असं घट्ट बसलेलं प्लास्टिक पुन्हा हलवायला थोडी जादा उष्णता लागते, तीच उंचवटा म्हणून दिसते. एका बाटलीवरून सिद्धांत मांडायचा नसतो, नव्या आणि जुन्या बाटलीचा कच्चा मालही थोडा वेगळा असू शकतो. त्यामुळे प्रबंधात ही रेषा एक नमुना म्हणूनच जाईल. पण तुकडा वितळवून थंड करून पुन्हा तापवला, तेव्हा उंचवटा गेला होता. नवी बाटली आणि आजीची बाटली, दोन्ही सारख्या.

याचा उपयोग काय, असं कुणी विचारेलच. भंगारातल्या बाटल्यांचे तुकडे करून त्यांचा पुन्हा धागा काढतात. म्हणजे बाटली परत टेरिकॉटच्या वाटेला लागते. कुठला माल किती उन्हात राहिला, किती वेळा वितळला, यावर धागा तुटणार की टिकणार हे बरंचसं ठरतं. दुसरी रेषा सांगते की हे पेट आहे, आणि वारंवार वितळण्याने साखळ्या तुटल्या असतील तर त्याची थोडी चाहूलही देते. तिच्यावर काय काय गुदरलं, त्यातलं उन्हाचं, ताणाचं आणि वर्षांचं मात्र पहिलीतच असतं. म्हणून आता माझ्या प्रत्येक आलेखात दोन्ही रेषा असतात. परीक्षकांनी पहिली काढायला सांगितली, तर मी थोडं भांडणार आहे.

सुट्टीत लातूरला गेले तेव्हा आजीला आलेख दाखवला. तिने चष्मा लावून उंचवट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाटली कुठाय?" कापली म्हटल्यावर काही बोलली नाही. दिवाणाखाली वाकून बाकीच्या मोजल्या. एकवीस आहेत.

पुढच्या लेखात पाण्याच्या निळ्या ड्रमबद्दल. त्याचं प्लास्टिक वेगळं आणि भानगडीही वेगळ्या. तोवर बाटलीत चहा ओतू नका.